विषय: बर्फात ई-बाईकने ऑफिस – कोणी जातं का?

मंडळी, सप्रेम नमस्कार.

ऑफिस घरापासून अकरा किलोमीटरवर. उन्हाळ्यापासून ई-बाईकने जाते आहे, आणि सकाळचा तो अर्धा तास आता सोडवत नाही. पण पहिला बर्फ पडला तशी ऑफिसातली मंडळी विचारायला लागली, "आता वसंतापर्यंत बाईक झाकून ठेवणार ना?" मला ठेवायची नाहीये.

बाईक मिड-ड्राइव्ह आहे (म्हणजे मोटर पॅडलपाशी), बॅटरी ५०० वॉट-अवर, टायर साधे. रात्री गॅरेजमध्ये असते, तिथे हीटर नाही. थंडीत बॅटरीची वाट लागते असं जो तो सांगतो. तर प्रश्न असे: बॅटरी टिकेल का, टायर बदलावेच लागतात का, आणि हा सगळा एकूण वेडेपणा आहे का? मंडळात बारमाही सायकल चालवणारे दोघं-तिघं आहेत असं ऐकलंय. त्यांनी कृपया लिहावं.

— नव्याने आलेली सभासद

*

उत्तर: बर्फात ई-बाईकने ऑफिस

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर: हो. बस आहे, गरम असते, बसायला जागाही मिळते. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं काका देतीलच, ते टपूनच बसलेले असतात.

— बसवाला

*

उत्तर: बर्फात ई-बाईकने ऑफिस

टपूनच बसलो होतो.

बॅटरीचं सगळेच आधी विचारतात, म्हणून ते मागे ठेवतो. आमच्या ताई बॅटरीच्या कामातच आहेत, त्या लिहितील. बॅटरी संपली तर फार तर घरी उशिरा पोचशील. हाड मोडतं ते पुढच्या चाकामुळे. मागचं चाक घसरलं तर बाईक जराशी भरकटते, बहुतेक वेळा सावरता येते. पुढचं घसरलं की सावरायला वेळच मिळत नाही, कळेपर्यंत तू आडवी. तेव्हा खिळ्यांचा टायर हवाच, आणि दोन्ही एकदम घेणं होत नसेल तर आधी पुढे लाव.

खिळे टंगस्टन कार्बाइडचे बघून घे. हिवाळ्यात सुद्धा निम्म्याहून जास्त रस्ता उघडा डांबरीच असतो आणि साधे पोलादी खिळे त्यावर लवकर झिजतात. नवीन टायर लावल्यावर पहिले चाळीसेक किलोमीटर डांबरावर सबुरीने चालव, जोरात ब्रेक नाही, झटक्यात उचल नाही. तेवढ्यात खिळे आपापल्या जागी घट्ट बसतात. हवा जरा कमी ठेवली की जास्त खिळे जमिनीला टेकतात. पण हेही लक्षात ठेव की थंडी स्वतःच हवा कमी करते. घरात वीस अंशाला ३ बार भरलीस तर बाहेर उणे दहाला साधारण २.६ उरते. टायर गळतोय म्हणून पंक्चर शोधत बसू नकोस.

आता माझा आवडता मुद्दा. लोक उणे पंधराला घाबरतात. उणे पंधराला घाबरू नकोस, शून्याला घाबर. कडाक्याच्या थंडीत बर्फ कोरडा असतो, टायरखाली करकरतो, चांगली पकड देतो. शून्याच्या आसपास दिवसा वितळतं, रात्री गोठतं, आणि सकाळी त्या गोठलेल्या थरावर पुन्हा पाण्याचा पापुद्रा येतो. दिसायला नुसता ओला रस्ता. म्हणून निघताना आत्ताचं तापमान बघून उपयोग नाही, काल दुपारी आणि रात्री काय होतं ते बघ. दुपारी अधिक तीन आणि रात्री उणे दोन असेल तर सावलीतली वळणं, पुलावरचा रस्ता आणि मॅनहोलची झाकणं पायी चालण्याच्या वेगाने घे. पूल खालूनही गार होतो, त्यामुळे बाकी रस्ता कोरडा असला तरी तिथे बर्फ धरतो.

शून्याची दुसरी देणगी म्हणजे बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकलेल्या मिठाचा राडा. मीठ-पाणी पुस्तकात उणे एकवीस अंशापर्यंत द्रव राहतं, पण रस्त्यावर उणे दहाच्या खाली साधं मीठ जवळपास कामच करत नाही. म्हणजे खरी थंडी पडली की राडा नाही, आणि शून्याला रस्ताभर तपकिरी रबडी. त्यात खिळ्यांचाही उपयोग नाही. खिळे घट्ट बर्फासाठी असतात, लगद्यात ते टेकणार कशाला? तिथे हँडल सैल धरायचं, नजर लांब ठेवायची आणि पाय थांबवायचे नाहीत.

मोटरबद्दल थोडक्यात. निसरड्यावर सर्वात खालचा असिस्ट, म्हणजे मोटरची कमीत कमी मदत. तुझ्या मिड-ड्राइव्हमध्ये टॉर्क सेन्सर असेल तर तू जितकं दाबशील त्या मानाने मोटर देते, ते उत्तम. ज्या बाईकमध्ये पॅडल फिरलं की मोटर एकदम धक्का देते, ती बर्फावर त्रासदायक. वळणात ब्रेकही नको, पॅडलचा जोरही नको. काय ते आधी उरकायचं.

आणि एक गोष्ट, जी बाईक विकताना कोणी सांगत नाही. मागच्या चाकाच्या फ्रीव्हीलमध्ये आत छोट्या कुत्र्या (खटके) असतात, त्या स्प्रिंगने उचलल्या जातात आणि दात्यात अडकतात, म्हणून चाक पुढे ढकललं जातं. कारखान्यातून येणारं ग्रीस बऱ्याचदा जाड असतं. उणे पंधरा-वीसला ते इतकं घट्ट होतं की कुत्र्या उचलल्याच जात नाहीत. मग तू पॅडल मारतेस, चेन फिरते, आणि चाक जागचं हलत नाही. मिड-ड्राइव्हची गंमत अशी की मोटर पण त्याच चेनमधून ढकलते, त्यामुळे बॅटरी शंभर टक्के असूनही तू चालत घरी. हब मोटरवाल्यांचं (चाकातच मोटर असते त्यांचं) निदान मोटरवर भागतं. हिवाळ्याआधी दुकानात सांगून ते ग्रीस काढून थंडीत पातळ राहणारं भरून घे. वाटेत झालंच तर बाईक उबदार जागी अर्धा-पाऊण तास उभी कर, सुटते.

घरी आल्यावर चेन फडक्याने पुसायची आणि ओल्या हवामानाचं तेल लावायचं. मीठ रात्रभर तसंच राहिलं तर सकाळी चेन लाल. धुवायची तर साध्या पाण्याने. प्रेशरच्या पाण्याने मोटरच्या आणि बेअरिंगच्या सीलमधून पाणी आत घुसतं.

— काका

*

उत्तर: बर्फात ई-बाईकने ऑफिस

काका, मनापासून आभार. फ्रीव्हीलचं मला कोणी म्हणजे कोणी सांगितलं नव्हतं!

ताई, तुमच्यासाठी: ऑफिसात बॅटरी चार्ज करायला परवानगी नाही, मात्र आत न्यायला हरकत नाही. येऊन-जाऊन बावीस किलोमीटर एका चार्जमध्ये थंडीत होतील का? आणि गॅरेजमध्येच प्लग आहे, तिथे लावून ठेवली तर?

— नव्याने आलेली

*

उत्तर: बर्फात ई-बाईकने ऑफिस

गॅरेजमध्ये लावू नकोस. सगळ्या मेलमधलं एकच वाक्य वाचायचं असेल तर हे वाच.

थंडीत बॅटरीचं दोन प्रकारचं नुकसान होतं आणि लोक ते एकत्र करतात. पहिलं तात्पुरतं. सेलमधला द्रव गार झाला की त्यातून लिथियमचे आयन हळू सरकतात, आतला रोध वाढतो, आणि मोटरने जोर मागितला की व्होल्टेज खाली बसतं. म्हणूनच पडद्यावर ३० टक्के दिसत असताना चढावर मोटर अचानक बंद पडते. बॅटरी रिकामी झालेली नसते, व्होल्टेज क्षणभर मर्यादेखाली गेलं म्हणून आतल्या सर्किटने हात वर केलेले असतात. असिस्ट खाली आण, पुन्हा चालू होईल. बॅटरी गरम झाली की ही क्षमता सगळी परत येते.

दुसरं कायमचं, आणि ते चार्जिंगमध्ये होतं. चार्ज होताना लिथियम ग्राफाइटच्या थरांमध्ये शिरायला हवं. शून्याखाली ते शिरणं इतकं मंदावतं की मागून येणारं लिथियम बाहेरच, ग्राफाइटच्या पृष्ठभागावर धातू म्हणून साचतं. त्यातलं बरंचसं परत कधी कामाला येत नाही. फार साचलं तर त्याचे सुईसारखे कोंब वाढतात, आणि ते सेलच्या आतला पातळ पडदा भेदून पलीकडे पोचले तर आतच शॉर्ट सर्किट. बहुतेक ई-बाईकच्या पुस्तिकांमध्ये चार्जिंगचं तापमान ० ते ४० अंश दिलेलं असतं ते यासाठी. चांगल्या बॅटऱ्या शून्याखाली चार्जिंग स्वतःच नाकारतात. पण त्या भरवशावर राहू नये. काकांचा शून्याचा मुद्दा रस्त्याबद्दल होता, माझा भिंतीवरच्या प्लगबद्दल आहे.

तेव्हा बॅटरी रोज घरात. आल्या आल्या लावायची नाही. गार वस्तूवर घरातली दमट हवा लागली की पाणी सुटतं, चष्म्याला होतं तसं. संपर्काच्या पट्ट्यांवरही सुटतं. तासाभराने पुसून लाव. रेडिएटरवर ठेवून घाई करू नकोस. आणि घराबाहेर पडायच्या वाटेवर किंवा जिन्यात चार्ज करू नकोस, कधीकाळी काही झालंच तर तीच वाट लागणार आहे. सकाळी निघताना अगदी शेवटी बाईकवर चढव. वापर चालू असताना बॅटरी स्वतः थोडी गरम राहते, त्यामुळे अर्ध्या तासात ती गारठत नाही. निओप्रीनचं कव्हर मिळतं, ते घे. ऑफिसात टेबलाखाली ठेव. चार्ज नाही केलीस तरी चालेल, ऊब महत्त्वाची.

हिशेब कर. उन्हाळ्यात किलोमीटरला १० वॉट-अवर लागत असतील तर हिवाळ्यात १५ धर. खिळ्यांचे टायर जड चालतात, बर्फ ओढतो, अंगावर कपडे फुगलेले असतात, आणि गार हवा घट्ट असते: उणे दहाची हवा अधिक वीसच्या हवेपेक्षा सुमारे ११ टक्के जड. बावीस किलोमीटरला ३३०. तुझ्या ५०० मधले तीन चतुर्थांशच हाताशी येतील असं समजलं तरी ३७५. जमतं, पण टर्बोमध्ये (सर्वात वरच्या असिस्टवर) नाही. बॅटरी चार-पाच वर्षं जुनी असेल तर हा हिशेब नव्याने मांडावा लागेल.

आणि मध्येच दोन-तीन आठवडे बाईक लावून ठेवणार असशील तर पूर्ण भरून ठेवू नको, रिकामीही नको. ३० ते ६० टक्क्यांच्या मध्ये, घरातल्या गार खोलीत.

— बॅटरीवाली ताई

*

उत्तर: बर्फात ई-बाईकने ऑफिस

काकांशी थोडा मतभेद. मी चार इंची फॅट टायर वापरतो, खिळे-बिळे काही नाही. हवा कमी केली की बर्फावरून मस्त जातं. उगाच डांबरावर खडखड कशाला?

— फॅटबाईकवाला

*

उत्तर: बर्फात ई-बाईकने ऑफिस

जंगलातल्या वाटेवर तुझंच बरोबर. भुसभुशीत बर्फावर रुंद टायर तरंगतो, माझा अरुंद खिळेवाला तिथे रुततो. पण ऑफिसच्या रस्त्यावर सकाळी साडेसातला भुसभुशीत बर्फ फारसा नसतोच, गाड्यांनी दाबून घोटलेला असतो, आणि त्यावर रबर चार इंच असो की दोन, घसरायचं ते घसरतंच. चार इंची खिळेवाले टायरही मिळतात. तू ते लाव, मग मी गप्प बसतो.

बसवाल्यासाठी: वेडेपणाचं म्हणशील तर फिनलंडमध्ये औलू नावाचं शहर आहे, ६५ अंश उत्तरेला, आर्क्टिक वर्तुळापासून फार लांब नाही. तिथे हिवाळाभर लोक सायकलने कामाला जातात, पोरं शाळेत जातात. २०१३ साली हिवाळी सायकलिंगची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद तिथेच भरली. ती माणसं काही आपल्यापेक्षा कणखर आहेत असं मला वाटत नाही. तिथे सायकलच्या वाटांवरचा बर्फ नांगराच्या गाडीने वेळेवर बाजूला सारतात, आणि मीठ न टाकता बर्फ दाबून त्यावर बारीक खडी पसरतात. आपल्याकडे नांगरवाला मोटारींचा रस्ता साफ करतो आणि तो सगळा ढीग सायकलच्या पट्टीत लोटतो. मग लोक थंडीला नावं ठेवतात. नगरपालिकेला लिहायचं असेल तर मसुदा माझ्याकडे तयार आहे.

— काका

*

उत्तर: बर्फात ई-बाईकने ऑफिस

कपड्यांचं कोणीच लिहिलं नाही म्हणून मी लिहिते.

साध्या सायकलवर दहा मिनिटांत अंग तापतं. ई-बाईकवर मोटर काम करते, तू तितकी तापत नाहीस, आणि वारा मात्र पूर्ण वेगाने लागतो. उणे दहाला ताशी २५ किलोमीटरचा वारा अंगाला उणे एकोणीससारखा लागतो. धड टिकून राहतं, बोटं जातात. हातमोजे कितीही जाड घेतले तरी बोटं वेगवेगळी असली की गारठतातच, आणि जाड मोज्यांनी ब्रेक नीट दाबता येत नाही. त्यापेक्षा हँडललाच बसवायचे मोठे खोळवजा मफ मिळतात, आत पातळ मोजे. दिसतं विचित्र, पण एकदा लावले की काढवत नाहीत. बूट अर्धा आकार मोठे, आत हवा खेळली पाहिजे. दोन मोजे कोंबून घट्ट केले तर पाय आणखी गार.

चष्मा असेल तर नाकावर फडकं ओढू नकोस, वाफ वर जाऊन काच धुरकटते. हनुवटीपर्यंतच ठेव.

— चष्मेवाली

*

उत्तर: बर्फात ई-बाईकने ऑफिस

सगळ्यांचे आभार. बॅटरी आजपासून घरात. पुढचा खिळेवाला टायर मागवला आहे. काका, एक राहिलं: माझ्या बाईकला पूर्ण मडगार्ड आहेत. ते काढावे लागतील का?

— नव्याने आलेली

*

उत्तर: बर्फात ई-बाईकने ऑफिस

काढू नको, नाहीतर मिठाचं पाणी सरळ मोटरवर. पण टायर आणि मडगार्डच्या मध्ये बोटभर जागा राहिली पाहिजे. कमी असेल तर ओला बर्फ आत साचतो आणि थंडीत गोठून चाक धरून ठेवतो. टायर आला की लावून हाताने फिरव. खिळे पत्र्याला घासले तर आवाज येईलच. घासत असतील तर मडगार्डचे दांडे थोडे वर सरकवता येतात, पाच मिनिटांचं काम आहे. तेही पुरलं नाही तर एक मापाने अरुंद टायर बदलून माग.

आणि बाण बघून लाव. टायरच्या बाजूला फिरण्याची दिशा कोरलेली असते.

— काका