गोल टोपीत रंगीत पट्ट्यांना पायरी पडते, कोणी सांगेल का?

गोदाकाठची:
निफाडला भाचा असतो, तिथली थंडी माहितीच आहे, त्याच्यासाठी कानटोपी घेतलीय विणायला. ४ एमएमची गोल सुई, ८८ टाके, चार फेऱ्या मोरपंखी चार फेऱ्या पिवळी असं चाललंय. बाकी छान बसतंय पण जिथे रंग बदलते तिथे पट्टी जुळतच नाही, एक घर वर जाते. दोरा ओढून घट्ट केला तर तिथे चुणी आली. दोनदा उसवलं, आता लोकर पिंजायला लागलीय.

सुलट_उलट:
ताई तुमचं काही चुकत नाहीये. गोल विणताना फेरी बंद होतच नाही, गोल जिन्यासारखी वर चढत जाते, म्हणून शेवटचा टाका पहिल्याच्या एक मजला वर येतो आणि रंग वेगळा असला की ते दिसतं. असं करा, नव्या रंगाची पहिली फेरी नेहमीसारखी पूर्ण विणा. मार्करपाशी, म्हणजे फेरीची सुरुवात दाखवायला सुईवर घातलेल्या कडीपाशी, आलात की पहिल्या टाक्याच्या बरोब्बर खाली जुन्या रंगाचा टाका आहे ना, त्याची उजवी बाजू सुईच्या टोकाने उचलून डाव्या सुईवर चढवा आणि दोन्ही मिळून एकच सुलट विणा. टाके ८८ च राहतात. हे फक्त दुसऱ्या फेरीच्या सुरुवातीला, पुढच्या फेऱ्या साध्या.

लोकरगुंडा:
मी तर दुसऱ्या फेरीचा पहिला टाका न विणता नुसता सरकवते, सुई उलट टाक्यासारखी घालायची आणि दोरा मागे. पण दोनच फेऱ्यांची पट्टी असेल तर ती उभी रेघ आखडते, तुमच्या चारच्या पट्टीला चालेल. आणि दोरा प्रत्येक वेळी कापू नका हो, आतून वर नेत रहा, मधे एकदा दुसऱ्या रंगाशी अडकवून घ्या, फक्त सैल ठेवा, तुमची चुणी त्या ओढण्यानेच आलीय.

पाच_सुया:
एकेक फेरीची पट्टी करणार असाल तर मात्र हे दोन्ही विसरा. दोन्ही गुंडे लावून ठेवायचे, एका रंगाने विणत दुसऱ्याचा दोरा लटकतोय तिथपर्यंत यायचं, हातातला सोडायचा, तो उचलायचा, दोरे एकमेकांत गुंतवायचे नाहीत. पायरी पडतच नाही.

गोदाकाठची:
रिबपर्यंत, म्हणजे खालच्या सुलट-उलट काठापर्यंत, उसवून खालचा टाका उचलायची पद्धत केली, दोन पट्ट्या झाल्या. ओली करून वाडग्यावर वाळत घातली होती, आज बोटाने चाचपून बघितलं तर जोड आतूनच कळतो, बाहेरून मार्कर काढला की मलाच शोधावा लागतोय. खूप आभार सगळ्यांचे. अजून एक पिवळी पट्टी, मग टाके कमी करायला घेते.