सेल्फ असेंब्ली: जुळणी का जुळवणी?

सीताबर्डीकर: भाचीसाठी मराठीत लेख टाईप करून राहिलो, विषय गोल पृष्ठावर कण कसे दाटतात. म्हणजे तेलात पाण्याचा थेंब, त्यावर बारीक बारीक प्लास्टिकचे गोळे येऊन चिकटतात आन् कोणी हात न लावता आपापली जागा धरतात. ‘स्वयंजुळवणी’ लिहिलं तं तिले खटकून राहिलं, काऊन ते तिलेही सांगता येईना.

मात्रावेलांटी: खटकणारच ना भाऊ, जुळवणी म्हटलं की जुळवणारा आला! जुळणे, दाटणे ही आपोआप होणारी क्रियापदं. आपसूक जुळणी लिहा. पॅकिंगला दाटी चालेल, रचना नको, तिथेही रचणारा डोकावतोच.

सीताबर्डीकर: घेतलं. डिफेक्टले, म्हणजे कणांची शिस्त मोडते त्या जागेले, दोष?

धंतोली४४: स्फटिकदोष रूढ आहे, एकदा कंसात टाका. पण दोष म्हटलं की कोणाचं तरी चुकलं असं वाटतं आणि इथे तर ते टळतच नाही. ठेल्यावर संत्री सपाट मांडली की एकीभोवती सहा बरोबर बसतात, कितीही लांब मांडत जा. गोलावर ते जमत नाही, काहींना पाचच शेजारी मिळतात. मी तर ‘तूट’ लिहीन. पाच शेजारी म्हणजे 1 ची तूट, सात म्हणजे 1 ची वाढ, आणि पूर्ण गोलाचा हिशोब केला की उरते कायम 12 ची तूट, ना 11 ना 13. ऑयलर या गणितज्ञाचं सूत्र आहे ते. 1985 ला सापडलेल्या 60 कार्बनच्या रेणूत 12 पंचकोन, म्हणजे पाच शेजारीवाल्या 12 जागा, आणि कॅस्पर-क्लुग या शास्त्रज्ञांनी 1962 मध्ये विषाणूच्या कवचाची जी मांडणी दिली त्यातही तेच 12.

सीताबर्डीकर: तूट मस्त आहे बे! मंग स्कार, म्हणजे अशा जागांची लांबट रेघ? व्रण लिहिलं मी.

मात्रावेलांटी: व्रण म्हणजे जखमही होते. वण लिहा, बरं झाल्यावर राहते ती खूण.

धंतोली४४: वणच. कण साधारण 360 च्या वर गेले की पाचवाला एकटा राहत नाही, त्याला लागून पाच-सात, पाच-सात अशी रेघ तयार होते, 2003 मध्ये थेंबांवर हे प्रत्यक्ष दिसलं. ती रेघ स्फटिकात मधेच संपते, वणासारखीच. आणि हो, शीर्षकात नुसतं ‘वक्र पृष्ठ’ नका लिहू, नळी पण वक्रच असते पण तिच्यावर सपाट कागद सुरकुती न पडता गुंडाळता येतो, तिथे कसली तूट? सरळ ‘गोलावर’ लिहा.