हरिहरेश्वरला एकटीने जायचंय, खडकांवरची प्रदक्षिणा कधी करावी?

सॅकवाली_पुणे: डिसेंबरमध्ये सॅक घेऊन एकटीच हरिहरेश्वरला जायचा विचार आहे, गाडी नाहीये, एसटीनेच जाणार. देवळामागे पायऱ्या उतरून खाली खडकांवरून जी प्रदक्षिणेची वाट आहे ती मला नीट, निवांत बघायचीये, पण तिथे लाटांनी माणसं ओढली गेल्याचं ऐकलंय म्हणून घरचे नको म्हणतायत. शनिवार-रविवारच मोकळा मिळतो. सेफ आहे का?

बागमांडला_बाजू: ताई, आधी वार सोडा आणि तिथी बघा! आमच्याकडे जुना हिशोब आहे, तिथीच्या आकड्याला पाऊणपट केलं की पूर्ण भरतीची वेळ येते, म्हणजे तृतीयेला साधारण सव्वादोन, आणि त्याच्या सहा तास आधी सव्वाआठला पूर्ण ओहोटी. पौर्णिमा किंवा अमावस्येनंतरची द्वितीया-तृतीया घ्या, उधाणाचे दिवस असल्याने ओहोटीला पाणी खूप मागे हटतं आणि ओहोटी नेमकी सकाळी उजेडात मिळते. अष्टमीला भांगाची भरती, म्हणजे पाण्याचा चढउतार कमी, तेव्हा ओहोटी दुपारी बाराला येते खरी पण पाणी फारसं हटतच नाही. मोबाईलवरच्या टाइमटेबलशी ताडून बघा आणि तरीही उतरायच्या आधी देवळाजवळच्या दुकानात विचारा. पाणी उतरत असतानाच खाली जायचं, चढायला लागलं की वर, फोटो राहिला तरी राहू दे. शेवाळलेल्या दगडावर पाय ठेवू नका आणि पावसाळ्यात तर तिकडे फिरकूच नका.

काळाकातळ: वरच्यांनी वेळेचं सांगितलंच आहे, मी फक्त दगडांबद्दल बोलतो कारण लोक घाईघाईत प्रदक्षिणा उरकतात आणि भिंतीकडे कोणी बघतच नाही. तिथल्या कड्यावर मधमाशीच्या पोळ्यासारखी जाळी दिसेल, ती कोणी कोरलेली नाही, लाटांचे तुषार दगडाच्या बारीक छिद्रांत शिरतात, पाणी वाळतं, आत मिठाचे स्फटिक वाढतात आणि दगडाचे कण सुटत जातात, असं वर्षानुवर्षं. पायाखालचा सपाट कातळ लाटांनी कड्याचा पायथा कापून कापून झालाय. आणि हा सगळा बेसॉल्ट, म्हणजे सह्याद्रीचाच लाव्हा, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा! सकाळचं तिरपं ऊन असेल तर वर मोकळ्या कातळावरचे खड्डे फार सुंदर दिसतात. त्या जाळीवर नावं कोरणारे बघितले की खरंच जीव तुटतो, ते परत भरून येत नाही.

चिऊ_रायगड: मी एकटीने केलंय. माणगाव, म्हसळा, श्रीवर्धन असं एसटीने बदलत जाता येतं, शेवटच्या गाडीची वेळ स्टँडवर उतरल्या उतरल्या विचारून ठेव. एका ठिकाणी एकटी बाई म्हणून मला रूम नाकारली होती, त्यामुळे निघायच्या आधी फोन करून एकटीच आहे हे स्पष्ट सांग, घरगुती राहायची सोय असलेल्या काकूंकडे मला जास्त बरं वाटलं. जेवण पण आधी सांगावं लागतं, ऐनवेळी गेलं तर मिळेलच असं नाही. आणि एक दिवस जास्त ठेव गं, जवळच्या बागमांडल्याहून फेरीबोटीने खाडीपलीकडे वेश्वीला उतरलं की बाणकोटचा किल्ला आणि कासवांचं गाव वेळास दोन्ही जवळ आहेत. कासवांची पिल्लं मात्र डिसेंबरात नाही दिसणार, त्यासाठी मार्चच्या आसपास यावं लागेल.

सॅकवाली_पुणे: खूप खूप आभार सगळ्यांचे. कॅलेंडर घेऊनच बसलेय, तृतीया आडवारी आली तर सुट्टी टाकेन पण शनिवारसाठी ओहोटी सोडणार नाही. बागमांडला दादा, फेरीत चालत जाणाऱ्यांना घेतात ना, का गाडीच लागते?

बागमांडला_बाजू: घेतात की! गावातले सगळे तसेच जातात.