'हुक स्टेप'ला मराठीत काय म्हणावं?

वडसेकर: पुतण्यानं मित्रांसोबत धान कापलेल्या बांधीत नाचाचा व्हिडिओ केला. त्याची माहिती मराठीत लिहून देतो म्हटलं आणि दुसऱ्याच ओळीला अडलो. अंतऱ्यात गोष्ट पुढं जाते: पोरगी एसटीतून उतरते, पोरगा बैल धुऊन राहिला, भाऊ गाडीवर येतो. मुखडा आला की गोष्ट जिथल्या तिथं थांबते. सगळे परत त्याच बांधीत, त्याच रांगेत, तीच स्टेप. पोरं हिला 'हुक स्टेप' म्हणतात. मी 'पदन्यास' लिहिलं. पुतण्या म्हणे, "काकाजी, पाय कुठं हालून राहिले जी? खांदाच तर उडते." पाहिलं, तर पाय धसकटात जागच्या जागीच. शब्द सुचवा.

अंजनगावची: पालुपद! गाण्यात परत येतं ते पालुपद, नाचातही तेच.

शुद्धमती: ताई, पालुपद आता रागावतानाच ऐकू येतं, 'तेच पालुपद लावू नको'. धृपद म्हणा, 'धृपदाचा नाच'. मराठीत शब्द असताना हुक कशाला?

आर्वीचा: हुक म्हणजे मासोळीचा गळ, मन अडकवणारा. पण गळ लिहिलं तर 'गळ घालणे' आठवेल. लेकरं हुक स्टेप म्हणतात, सगळ्यांना समजते, तेच लिहा भाऊ.

खंजिरी: माझ्या मते 'झील'. तुकडोजी महाराजांच्या भजनात बुवा ओळ सोडतो आणि मागचे ती उचलतात. बाबांच्या मंडळात मी लहानपणी मागं बसायचो. ओळ उचलताना नुसता आवाज चढत नसे. सगळ्या खंजिऱ्या एकदम खांद्याच्या वर जात, मनगटं एका रेषेत. तुमच्या पोरांचा खांदा मला तसाच दिसतो.

शुद्धमती: झील गोंधळ्यांची, तमाशातली. ती झिलकरी धरतात. भजनात धृपदच.

खंजिरी: आमच्या गावात भजनातही झीलच म्हणत. मी स्वतः धरलेली आहे.

आर्वीचा: गोष्ट असावीच लागते असं नाही. डाफ्ट पंक या फ्रेंच जोडीच्या 1997 च्या 'अराउंड द वर्ल्ड' गाण्याच्या व्हिडिओत दिग्दर्शक मिशेल गोंद्रीनं एकेका वाद्याला नाचणाऱ्यांचा एकेक गट दिला. बास गिटारवाले पायऱ्या चढतात-उतरतात, गिटारचे सांगाडे, ड्रम मशीनच्या ममी. गाण्यात जे परत येतं तेच डोळ्यांना परत दिसतं. मुखडा कानाचा, ही स्टेप डोळ्यांचा मुखडा. म्हणून कानाचा शब्द इथं पुरत नाही.

वडसेकर: पण गोष्ट थांबवून नाचणं आमच्याकडं जुनंच. झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या, नाटकात ऐन भांडणात लावणी येते, कोणाला खटकत नाही. दंडारीत, म्हणजे आमच्याकडच्या लोकनाट्यातही, तसंच. आजोबा म्हणत, दंडाला दंड लावून नाचतात म्हणून दंडार.

शुद्धमती: दंड म्हणजे काठी. काठ्या घेऊन नाचतात म्हणून दंडार असावं.

अंजनगावची: मग टिपऱ्यांच्या नाचाला दंडार का म्हणत नाहीत?

वडसेकर: आमच्या गावच्या दंडारीत मी काठी कधी पाहिली नाही जी. पुरुष लुगडं नेसून नाचत, हात मोकळे. बुधवारी शेजारच्या गावची मंडई, म्हणजे जत्रा, आहे, तिथं जुने दंडारवाले भेटतील. त्यांनाच विचारून येतो.

खंजिरी: झील म्हणतात का, तेही विचारा.