ऑफिसच्या कॉलवर 'फॉकलंड' म्हणालो आणि सगळे गप्प झाले, माझं नेमकं काय चुकलं?

तिसरा_कप

मंडळी, जरा लांबण लागणार आहे, सांभाळून घ्या. मी पुण्यात, आमची टीम अर्धी इथे आणि अर्धी ब्युनोस आयर्सला. संध्याकाळी साडेसहाला रोज कॉल असतो, तेव्हा तिकडे सकाळचे दहा, सगळे ते माटेचं (तिकडचं चहासारखं पेय) भांडं नि नळी तोंडात धरून बसलेले असतात. एकदम मोकळी माणसं, गेल्या दोन वर्षांत कधी खटका उडालेला नाही.

तर परवा देशांचा ड्रॉपडाउन भरत होतो. यादीत फॉकलंड आयलंड्स वेगळं दिसलं म्हणून मी अगदी सहज विचारलं, की हे फॉकलंड यूकेच्या खाली सरकवू का. शांतता. म्हणजे मला वाटलं माझंच नेट गेलं. मग आमची टेस्टर, जी एरवी दर वाक्याला हसते, ती हळूच म्हणाली, "त्याचं नाव माल्विनास आहे. आणि ते यूकेच्या खाली नाही." आणि पुढच्या मुद्द्यावर गेली.

मी नंतर गूगल केलं. अर्जेंटिनाजवळची ही बेटं ब्रिटनच्या ताब्यात, पण अर्जेंटिना ती आपली मानते. १९८२ ला २ एप्रिल ते १४ जून, ७४ दिवसांचं ब्रिटनशी युद्ध, अर्जेंटिना हरली. बेटावर आज साडेतीन हजारच्या आसपास माणसं आणि बाकी मेंढ्या. ही मुलगी तेव्हा जन्मलीही नव्हती हो! बरं हेच लोक त्या काळच्या लष्करी राजवटीला दिवसभर शिव्या घालतात, मग त्याच जनरलांनी केलेल्या युद्धाबद्दल इतकं हळवं का? सॉरी म्हणू की विषयच काढू नको?

जुना_दर्यावर्दी

सॉरी म्हणा, त्यात काही जात नाही.

माझा या विषयाशी संबंध असा की मी आयएनएस विराटवर होतो. हल्लीच्या पोरांना माहीत नसतं म्हणून सांगतो, विराट म्हणजे ब्रिटिशांची एचएमएस हर्मिस, फॉकलंडला गेलेल्या त्यांच्या ताफ्याची फ्लॅगशिप. ५ एप्रिल १९८२ ला पोर्ट्समथहून निघाली ती हीच, आणि पाच वर्षांनी १९८७ च्या मे महिन्यात आपल्याकडे आली. ज्या डेकवरून आमचे सी हॅरियर उडायचे त्याच डेकवरून त्यांचे अर्जेंटिनावर उडाले होते. आम्ही तिला म्हातारी म्हणायचो. ६ मार्च २०१७ ला मुंबईत तिचं निशाण उतरवलं तेव्हा माझ्यासारखा कोरडा माणूसही डोळे पुसत होता, आणि त्याच वेळी डोक्यात आलं की ब्युनोस आयर्समध्ये एखाद्या माणसाने ही बातमी वाचून काय म्हटलं असेल. (सिंधुदुर्गात तिचं म्युझियम करायचं ठरलं होतं, शेवटी अलंगला भंगारात गेली. तो वेगळा धागा होईल, तिथे मी तोंड सोडेन.)

युद्धात अर्जेंटिनाची ६४९ माणसं गेली, ब्रिटिशांचे २५५ सैनिक आणि बेटावरचे ३ रहिवासी. त्या ६४९ पैकी ३२३ एकाच जहाजावरची, जनरल बेलग्रानो, २ मे ला पाणबुडीने बुडवलं. ते ब्रिटिशांनी बेटांभोवती आखलेल्या २०० मैलांच्या बंदी-पट्ट्याबाहेर होतं आणि तोंड फिरवून निघालं होतं, त्यावर आजही वाद घालणारे आहेत. माझं मत विचाराल तर युद्धनौका युद्धात कुठल्या दिशेला तोंड करून आहे याला अर्थ नसतो, त्यांच्याच नौदलानेही पुढे ते कायदेशीर मानलं. पण हे मी एखाद्या अर्जेंटिनाच्या माणसाच्या तोंडावर बोलणार नाही. निम्मे मेलेले एका दुपारी, त्याही बर्फासारख्या पाण्यात.

बंडू_गोलकीपर

एवढं कशाला गूगल करायचं, १९८६ च्या वर्ल्ड कपची अर्जेंटिना-इंग्लंड मॅच बघा, २२ जून, मेक्सिको सिटी, २-१. आमच्या कोल्हापुरात अजून पेठेपेठेत वाद होतो, मॅराडोनाने तो गोल हाताने मारला की डोक्याने 😀 मॅराडोना नंतर स्वतःच म्हणाला होता की तो एक प्रकारचा बदलाच होता.

अजून एक. अर्जेंटिनाचा ओस्सी आर्दिलेस लंडनच्या टॉटनहॅमकडून खेळायचा. २ एप्रिलला त्याच्या देशाने बेट घेतलं आणि ३ ला तो इंग्लंडमध्ये एफए कपची सेमीफायनल खेळत होता. १ मे ला त्याचा चुलतभाऊ, फायटर पायलट, तिथे मारला गेला. पुढे काही महिने तो पॅरिसला खेळायला गेला. असा माणूस कुठल्या बाजूने ओरडणार सांगा.

पालेर्मोची_पाहुणी

धागाकर्ते, मी ब्युनोस आयर्सला नऊ वर्षं आहे, नवऱ्याच्या नोकरीमुळे आले आणि अडकले, त्यामुळे थोडं आतलं सांगते.

इथे हा विषय बातम्यांतून येत नाही, तो हवेतच असतो. बसमध्ये पाटी, लास माल्विनास सोन अर्खेंतिनास, म्हणजे माल्विनास अर्जेंटिनाची आहेत, २०१४ पासून तर सार्वजनिक वाहनांत ती लावायचा कायदाच आहे. १९९४ च्या राज्यघटनेत दावा लिहिलाय. मधे ५० पेसोच्या नोटेवर बेटांचा नकाशा होता. माझा लेक चौथीत असताना देशाचा नकाशा काढून नेला आणि खाली उजवीकडचे दोन ठिपके विसरला, तर बाईंनी वही परत दिली. ओरडल्या वगैरे नाहीत, फक्त रिकाम्या समुद्रावर पेन्सिलने एक बारीक गोल करून दिला. आपण काश्मीरचा वरचा भाग विसरलो असतो तर शाळेत काय झालं असतं ते आठवा म्हणजे कळेल.

आता तुमचा खरा प्रश्न, जनरलांना शिव्या आणि बेटासाठी डोळ्यात पाणी, हे एकत्र कसं. ३० मार्च १९८२ ला इथल्या प्लासा दे मायोत लोक राजवटीविरुद्ध उतरले होते, पोलिसांनी बडवलं, शेकडो आत टाकले. तीन दिवसांनी २ एप्रिलला त्याच चौकात त्याच राजवटीचा प्रमुख गाल्तिएरी, त्याच्यासाठी टाळ्या. आणि मग पाठवली कोणाला, तर १८-१९ वर्षांची सक्तीच्या भरतीतली पोरं, त्यातली कित्येक तर कोरिएन्तेस, चाकोसारख्या उत्तरेकडच्या गरम प्रांतांतली, ज्यांनी जन्मात थंडी बघितली नव्हती. इथे त्यांना सैनिक कमी आणि 'चिकोस' जास्त म्हणतात, म्हणजे पोरंच. उपाशी राहिली, आणि मेंढी चोरून मारली म्हणून स्वतःच्याच अधिकाऱ्यांनी त्यांना गार जमिनीवर खुंट्यांना हातपाय बांधून ठेवलं, त्याच्या केसेस झाल्या आहेत कोर्टात. हरून परत आली तेव्हा रात्रीच्या अंधारात आणली आणि तोंड उघडायचं नाही म्हणून सह्या घेतल्या.

म्हणजे आधी आख्ख्या चौकाने टाळ्या वाजवल्या आणि नंतर आख्खा देश गप्प बसला. माझं आपलं मत, हे जे हळवेपण आहे ना त्यात जमिनीपेक्षा ही लाज जास्त आहे. 'बेट आमचं नाहीच' म्हटलं तर मग पोरं कशासाठी मेली, हा प्रश्न उरतो, आणि त्याला कोणाकडे उत्तर नाही.

आमच्या बिल्डिंगखाली एक औषधाचं दुकान आहे, मालक साठीचे, गल्ल्यावर बेटांचा निळा-पांढरा स्टिकर. नऊ वर्षांत एकदाच बोलले. म्हणाले, "आम्ही खड्ड्यात भिजत होतो आणि गावात कंटेनर भरून खाणं पडलं होतं, सेन्योरा, भरून." मग माझ्या गोळ्यांचे सुटे मोजून दिले.

टेम्सकाठचा_भाऊ

ताई, छान लिहिलंत, पण बेटावर जी माणसं राहतात ती या सगळ्यात कुठे आहेत? मी इंग्लंडला असतो म्हणून इंग्रजांची बाजू घेतोय असं समजू नका (समजलात तरी चालेल). गूस ग्रीनला ११४ माणसं, त्यात पोरंबाळं आणि म्हातारे, गावातल्या हॉलमध्ये महिनाभर कोंडून ठेवली होती. बेटांची राजधानी स्टॅनली, तिचं नाव बदलून पुएर्तो अर्खेंतिनो केलं. रस्त्याच्या उजवीकडून गाड्या चालवा असा हुकूम काढला. आणि जाताना सुरुंग पेरून गेले ते २०२० पर्यंत काढत होते. तेवढी वर्षं त्या कुंपणाआड पेंग्विन मजेत, कारण वजन इतकं कमी की सुरुंग फुटतच नाही.

२०१३ ला सार्वमत झालं. १,५१७ मतं पडली, ब्रिटनसोबत राहायला नको म्हणणारी फक्त ३. एवढ्याशा गावात ती तिघं कोण हे सगळ्यांना माहीत असणार, बिचारे 😄

आणि गंमत म्हणजे युद्धाआधी गाडी अर्जेंटिनाच्याच दिशेने चालली होती. सत्तरच्या दशकात बेटाला विमान त्यांचं, पेट्रोल त्यांचं. १९८० ला ब्रिटिश मंत्री निकोलस रिडली तर सार्वभौमत्व देऊन टाकू आणि बेट भाड्याने परत घेऊ अशी योजना घेऊन गेला होता, बेटवाल्यांनी आणि पार्लमेंटने त्याला फाडून खाल्लं ते सोडा. पण लंडनला ते ओझंच वाटत होतं. गाल्तिएरीने चढाई केली आणि सगळं कायमचं फिसकटलं. १९८३ ला बेटवाल्यांना पूर्ण नागरिकत्व मिळालं, पुढे मासेमारीच्या परवान्यांनी पैसाही आला, आता ते कशाला ऐकतात.

मांडवीचो_देंवचार

गोव्यातून. हा विषय निघाला की आमच्याकडे कोणीतरी हमखास म्हणतो, १९६१ ला आपण गोवा घेतलाच ना, मग त्यांनी बेट घेतलं तर काय बिघडलं. माझे आजोबा अंजदीवच्या समोरच्या किनाऱ्यावरचे. तिथे त्या छोट्याशा बेटावर उतरताना आपले सात नौसैनिक गेले, त्यामुळे बेटासाठी मरणं म्हणजे काय ते आम्हाला पुस्तकात वाचावं लागलं नाही. पण फरक आहे. पोर्तुगीज गेल्यावर मागे गोंयकार उरले, इथलेच. फॉकलंडमधून ब्रिटिश गेले तर मागे कोण? मेंढ्या.

आणि आम्हाला १९६७ च्या जानेवारीत विचारलंही होतं, महाराष्ट्रात जाणार का. नाही म्हणालो, विषय संपला. (महाराष्ट्रातल्या मित्रांनी रागावू नये.)

पालेर्मोची_पाहुणी

@मांडवीचो_देंवचार, इथल्या लोकांचं म्हणणं नेमकं तिथेच आडवं जातं. ते म्हणतात १८३३ ला ब्रिटिशांनी आमची माणसं हुसकली, स्वतःची आणून बसवली आणि आता त्यांनाच विचारा म्हणतात, हे कसलं सार्वमत. मला हे अर्धंच पटतं, कारण आठ-नऊ पिढ्या राहिलेल्या माणसाला तू भाडेकरू आहेस असं कसं सांगणार. पण औषधवाल्या सेन्योरला हे सांगायची माझी टाप नाही.

@टेम्सकाठचा_भाऊ, माणसांबद्दल बोलताय तर एक ऐका. बेटावरच्या डार्विन गावाजवळ अर्जेंटिनाच्या सैनिकांची दफनभूमी आहे, तिथे कित्येक क्रॉसवर नाव नव्हतं, फक्त 'देवालाच ठाऊक असलेला अर्जेंटिनाचा सैनिक'. ती प्रेतं १९८३ ला गोळा करून नीट पुरली एका ब्रिटिश अधिकाऱ्याने, जेफ्री कार्डोझो त्यांचं नाव. कुठलं प्रेत कुठे सापडलं, खिशात काय होतं, सगळं लिहून ठेवलं, आणि २००८ मध्ये तो कागद इथल्या एका माजी सैनिकाच्या हातात दिला. त्यावरून २०१७ ला रेड क्रॉसने डीएनए तपासून पहिल्या फेरीत ८८ जणांची नावं लावली. २०१८ च्या मार्चमध्ये आया तिथे गेल्या. ३६ वर्षांनी. टीव्हीवर बघत होते, एका म्हातारीने क्रॉसला आधी हात लावला नाही, पर्समधून रुमाल काढून तो पुसला. कामवाल्या बाईसोबत बसून बघितलं आम्ही, चहा गार झाला दोघींचा.

जुना_दर्यावर्दी

कार्डोझोंचं माहीत नव्हतं. सलाम.

बंडू_गोलकीपर

धाग्याचं काश्मीर होईल असं वाटलं होतं, झालं नाही, आश्चर्य आहे.

तिसरा_कप

सगळ्यांचे आभार, विशेषतः पालेर्मोवाल्या ताईंचे. अपडेट देतो. काल कॉल संपल्यावर तिला थांबवलं, म्हटलं मला माहीत नव्हतं, सॉरी. तर तीच म्हणाली अरे मीच जास्त तुटक बोलले, आणि मग आपणहून सांगितलं की तिचा मामा १९६२ चा जन्म. म्हणजे बरोब्बर त्या भरतीतला. परत आला, पण फटाके वाजले की अजून घरात आतल्या खोलीत जाऊन बसतो, नाताळला सगळे मिळून त्याच्यासोबत आत बसतात. मी पुढे काही विचारलं नाही. उच्चार मात्र सुधारून घेतला, 'व' ओठ मिटूनच म्हणायचा म्हणे, माल्बिनास.

ड्रॉपडाउनचं म्हणाल तर आयएसओच्या यादीत नाव 'फॉकलंड आयलंड्स', कंसात 'माल्विनास' असं आहे, तेच जसंच्या तसं ठेवायचं ठरलं, यूकेच्या खाली नाही, अर्जेंटिनाच्या खालीही नाही. तरी आज सकाळी उघडून बघतो तर तिने कंसातलं नाव बाहेर घ्या म्हणून बग टाकलाय. सीव्हिअरिटी क्रिटिकल, प्रायॉरिटी लो.