हॉर्नमधून बासरी वाजली म्हणजे शहर शांत होतं का?

पादचारी:
ओळखीतल्या एका गृहस्थांनी लिहिलंय, "गाड्यांच्या हॉर्नमधून बासरी, तबला, व्हायोलिन, हार्मोनियम असेच आवाज यायला हवेत, तसा कायदा लवकर करा, रस्ते सुरेल होतील. ज्यांना हे पटत नाही त्यांना आपल्या संगीताचं वावडं आहे." काल रात्रीपासून त्यावर बदाम आणि टाळ्या पडतायत. ते शेवटचं वाक्य डोक्यात गेलं, म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

कल्पना त्यांची नाही, नितीन गडकरी २०२१ मध्ये नाशिकच्या कार्यक्रमात हे बोलले होते आणि २०२५ मध्ये पुन्हा बोलले. माझं म्हणणं एवढंच की हॉर्न बेसूर आहे म्हणून त्रास होत नाही, तो उगाच वाजतो म्हणून होतो. सिग्नलचा आकडा ५ वर आला की मागचा भोंगा सुरू करतो. त्याला बासरी दिलीत तरी तो ५ वरच वाजवणार, आणि गोड वाटते म्हणून जरा जास्तच वाजवणार.

शिवाय हॉर्न ऐकणाऱ्याला तो कुठून आला ते कळायला हवं. दोन कानांपर्यंत आवाज पोचायला जो किंचित वेळेचा आणि जोराचा फरक पडतो त्यावरून मेंदू दिशा ठरवतो, आणि आवाजात जितक्या जास्त कंपनसंख्या मिसळलेल्या तितकं ते सोपं जातं. बासरीचा सूर जवळजवळ निर्मळ एकच असतो, रस्त्यावर त्याची दिशा लागणं अवघड. परदेशात रिव्हर्स घेणाऱ्या ट्रकला टीं-टीं ऐवजी फस्स-फस्स असा खरखरीत आवाज लावायला लागले ते याचसाठी. माझ्यासारख्या रस्ता ओलांडणाऱ्या माणसाच्या जिवाचा प्रश्न आहे हा.

आणि १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत ११९ वा नियम वाचा. एकामागून एक वेगवेगळे सूर काढणारा हॉर्न बसवायला आजही बंदी आहे.

पंचम:
नियम बदलता येतात हो. त्यासाठीच तर कायदा करा म्हणतायत. तुमचं सगळं बरोबर धरलं तरी हॉर्न बंद होणार नाहीत हे तुम्हालाही माहितीये, मग निदान कानाला बरा वाटेल असा आवाज का नको? माझे वडील चौकातल्या एका हॉस्पिटलात होते. शांतता क्षेत्राची पाटी समोर, हॉस्पिटलपासून १०० मीटर हॉर्न वाजवायचा नाही असा नियम, आणि रात्रभर ते प्रेशर हॉर्न. वडील दचकून उठायचे. तिथे बासरी वाजली असती तर ते दचकले नसते एवढं मी छातीठोक सांगतो. ज्याने हे भोगलं नाही त्याने कंपनसंख्या शिकवू नये.

पहिला मजला:
पंचम, वडिलांचं वाचून वाईट वाटलं, पण गोड आवाजाने झोपमोड होत नाही हे मला सांगू नका. आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये एका गाडीला रिव्हर्सची धून आहे, देशभक्तीपर गाण्याची चाल. पहाटे साडेपाचला तो गाडी काढतो, खांब आडवा येतो म्हणून पुढे-मागे करतो, आणि प्रत्येक वेळी मागे घेतली की धून पहिल्यापासून सुरू. कधीच पूर्ण होत नाही, पहिल्या ओळीच्या मध्यावर तुटते. शाळेत मी ते गाणं उभी राहून म्हणायचे. आता कार्यक्रमात लागलं तरी अंगावर काटा येतो, रागाने. साध्या टीं-टीं ने माझं काही बिघडवलं नव्हतं, या धुनेने एक चांगलं गाणं कायमचं नासवलं.

सेक्रेटरींना सांगून झालं. "अहो ताई, देशभक्तीपर आहे, कसं सांगू त्याला?" हे उत्तर.

हिंदमाता:
उपाय आहे आणि आपल्याकडेच झालाय. मुंबई ट्रॅफिक पोलिसांचा सिग्नल आठवतोय का कुणाला, जानेवारी २०२० च्या शेवटी व्हिडिओ आला होता? हिंदमाता, पेडर रोड, मरीन ड्राइव्ह, सीएसएमटी, वांद्रे. खांबाला डेसिबल मीटर जोडलेला, आवाज ८५ डेसिबलच्या वर गेला की लाल दिव्याचा आकडा परत पहिल्यापासून. जितका वाजवाल तितकं थांबाल. लोक एकमेकांकडे बघून गप्प बसायला लागले होते. तबला-बासरीपेक्षा हे गावोगाव लावा.

किलोहर्ट्झ:
हिंदमाता, तो व्हिडिओ मलाही आवडला होता पण गणित बघा. नियमात बसणारा कारचा हॉर्नच काही मीटरवर ९३ डेसिबलच्या वर असतो. म्हणजे मीटरजवळच्या एका माणसाने एकदा दाबला की सगळा चौक शिक्षा भोगणार, आणि जो लांब मागे उभा राहून बोंबलतोय त्याचा आवाज मीटरपर्यंत येईस्तो कमी झालेला, कारण अंतर दुप्पट झालं की मोकळ्यात साधारण ६ डेसिबल गळतात. डेसिबलची साधी बेरीजही होत नाही, ८५ चे दोन हॉर्न मिळून १७० नाही, ८८ होतात. मागे अँब्युलन्स अडकली असेल तर तिने काय करायचं? विनाकारण हॉर्नला मोटार वाहन कायद्याच्या १९४-एफ कलमाखाली पहिल्यांदा १००० आणि नंतर २००० रुपये दंड आहे, तो ज्याचा त्याच्याकडून वसूल करा.

बाकी पादचारींशी सहमत. आणि त्या यादीत तबला कशाला आला हे तर मला कळलंच नाही. तबल्याला सूर नसतो, नुसता ठोका. त्याचा हॉर्न म्हणजे पत्र्यावर काठी.

ठेका:
एक मिनिट. "तबल्याला सूर नसतो"? मैफलीत गवई बसला की तबलजी हातोडी घेऊन गजऱ्यावर, म्हणजे तबल्याच्या कडेच्या गुंफलेल्या वादीवर, ठोकत दहा मिनिटं काय करतो, खिळे मारतो? दायां, म्हणजे उजव्या हाताचा तबला, गायकाच्या षड्जात लावतात, एक घर जरी उतरलं तरी पहिल्या रांगेतला माणूस मान वर करतो. माहिती नसेल तर विचारावं, ठोकून देऊ नये.

किलोहर्ट्झ:
ढोल, ताशा, ड्रम, ताणलेलं कातडं कुठलंही घ्या, त्याच्या वरच्या कंपनसंख्या मूळ कंपनाच्या पूर्ण पटीत नसतात. म्हणून स्पष्ट सूर येत नाही. हे भौतिकशास्त्र आहे, भावना दुखावून बदलत नाही.

ठेका:
साध्या कातड्याचं बरोबर आहे. पण तबल्याच्या मध्यावर काळी शाई असते ती शोभेला लावत नाहीत. लोहकीट आणि खळ यांचे पातळ थर एकावर एक देऊन, प्रत्येक थर दगडाने घोटून ती चढवतात, मध्ये जाड आणि कडेला पातळ. मध्यावर ते वजन आलं की तुमच्या त्या वेड्यावाकड्या कंपनसंख्या १, २, ३, ४, ५ अशा पटीत येऊन बसतात. मी म्हणत नाही, सी. व्ही. रामन म्हणतात. १९२० मध्ये 'नेचर'मध्ये त्यांचा याच विषयावर लेख आहे, मृदंग-तबल्याच्या कातड्यावर. नोबेल मिळायच्या १० वर्षं आधी हा माणूस आपल्या वाद्यांच्या शाईकडे बघत बसला होता आणि तुम्ही २ ओळींत पत्र्यावर काठी म्हणता.

डीजेबंद:
सगळे पंडित जमलेत इथे. आधी मिरवणुकीतले डीजे बंद करा, मग हॉर्नवर बोला. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा २००० सालापासून कागदावर आहे. आमच्या गल्लीत स्पीकरची भिंत येते तेव्हा खिडकीची तावदानं थरथरतात. तेव्हा तुमचा रामन कुठे असतो?

पहिला मजला:
डीजेबंद, त्यावर वेगळं लिहा ना, मी पहिला पाठिंबा देईन. इथे नको.

किलोहर्ट्झ:
ठेका, ठीक आहे, शाईचा मुद्दा मान्य. दायां सुरात असतो. पण डग्ग्याचं, म्हणजे डाव्या हाताच्या तबल्याचं, तसंच म्हणाल का? शाई मध्यावर नसते तिथे. आणि सूर असला तरी हॉर्न म्हणून उपयोग शून्य.

ठेका:
डग्ग्याची शाई कडेला असते आणि त्याचं काम घुमारा द्यायचं आहे, मी दायांबद्दल बोलत होतो हे वर स्पष्ट आहे. उपयोग शून्य हे मात्र खरं, पण का ते ऐका. "ना" हा बोल वाजला की क्षणात विरतो. हॉर्न दाबून धरला तर आवाज टिकायला हवा, तबल्यात तो टिकवायचा म्हणजे बोल वाजवत राहायचे. म्हणजे ट्रॅफिकमध्ये ४० गाड्या, प्रत्येकीचा तिरकिट वेगळ्या लयीत, समेवर कुणीच येत नाही. मी १० वर्षांच्या मुलांना लय शिकवतो. ज्यांचे कान रोज रस्त्यावर असे बिघडवले जातील त्यांना मी काय शिकवू? म्हणून माझा या कायद्याला विरोध आहे. संगीताचं वावडं आहे म्हणून नाही, उलट कारणाने. पादचारी, हे त्या गृहस्थांपर्यंत पोचवा.

बाझलकर:
मी स्वित्झर्लंडमध्ये बाझलला असतो. इकडे शेजारी जर्मनीत हॉर्न फक्त धोका असेल तर, किंवा वस्तीबाहेर ओव्हरटेक करताना. मला आठवडेच्या आठवडे हॉर्न ऐकू येत नाही.

डीजेबंद:
आलं परदेश. तिकडे म्हैस मध्ये येते का रस्त्यात?

बाझलकर:
पूर्ण वाचा तरी. मी पंचमच्या बाजूने बोलतोय. स्वित्झर्लंडमध्ये डोंगरात पोस्टाच्या पिवळ्या बस चालतात, त्यांना तीन सुरांचा हॉर्न आहे, रोसिनीच्या 'विल्यम टेल' ऑपेराच्या सुरुवातीच्या संगीतातून घेतलेला. आंधळ्या वळणाआधी ड्रायव्हर तो वाजवतो. समोरच्याला कळतं की मोठी बस येतेय, तो रुंद जागा बघून थांबतो, आणि अशा रस्त्यांवर बस ड्रायव्हर सांगेल तसं त्याला करावंच लागतं. लोकांना ते सूर आवडतात. म्हणजे सुरेल हॉर्न चालू शकतो.

पंचम:
घ्या! आता बोला पादचारी.

पादचारी:
बोलतो की. तो चालतो कारण तो एकट्या बसला आहे. प्रत्येक गाडीला दिला असता तर तुम्हीच कान झाकले असते.

घाटमाथा:
मी एसटी चालवतो, बरीच वर्षं घाटातच. तुमचं शहरातलं भांडण तुमच्यापाशी, पण हॉर्नला नुसतं त्रास म्हणू नका. पावसाळ्यात वरंध्याला किंवा आंबेनळीला धुकं उतरलं की बोनेटपुढचं दिसत नाही. रात्री निदान समोरच्याच्या दिव्याचा उजेड दरडीवर पडतो, दिवसा धुक्यात तेही नाही. वळणाआधी एक लांब हॉर्न द्यायचा, काच खाली करून ऐकायचं. उत्तर आलं की त्याच्या आवाजावरून कळतं काय येतंय. भरलेला ट्रक असेल तर मी अलीकडेच डोंगराच्या बाजूला दाबून घेतो, दुचाकी असेल तर तशीच काढतो. आता ट्रकलाही बासरी आणि स्कूटीलाही बासरी दिली तर मी काय समजायचं? मागे ५० माणसं बसलेली असतात माझ्या.

त्या पिवळ्या बसचं मात्र पटलं. तसं काही एसटीला मिळालं तर घाटात फार उपयोग होईल.

पंचम:
म्हणजे सुरेल हॉर्न हवा हे शेवटी मान्यच केलंत. फक्त सगळ्यांना नको. बरं, तेवढ्यावर मीही थांबतो, पण हॉस्पिटलच्या चौकाचं उत्तर कुणीच दिलं नाही.

पहिला मजला:
दिलं की, किलोहर्ट्झनी. दंड. तो घेतला जात नाही ही तक्रार असेल तर मी तुमच्या बाजूने उभी आहे, आणि तिथे बासरीने काही होणार नाही.

ठेका:
घाटमाथा, तीन सूर घ्यायचेच तर भूप रागातले घ्या, सा ग प, लांबून स्वच्छ ऐकू येतील आणि कुणालाही गुणगुणता येतील.

घाटमाथा:
कुठलेही घ्या साहेब, मला त्यातलं कळत नाही. फक्त आम्हाला दिल्यावर ते दुसऱ्या कुठल्याच गाडीला बसवू देऊ नका. बाजारात आठवड्यात तसलाच हॉर्न विकायला येईल, कुणीतरी हौसेने दुचाकीला लावेल, आणि मी वळणावर एसटी येतेय म्हणून उगाच थांबून राहीन. किंवा उलट, समोरचा म्हणेल दुचाकीच असेल आणि सरळ अंगावर येईल.