रात्री पाणी भरणाऱ्या आबांसाठी टोपीचा मफलर विणायचाय: लोकर, सुया, माप सुचवा

पांझराकाठची (धुळे)

नमस्कार मंडळी. आठे धुयामा आज लई थंडी शे! आता सगळ्यांना कळेल असं लिहिते.

आमचं शेत शिरपूर तालुक्यात. गहू आणि हरभरा उभा आहे. लाईट काही दिवस दिवसाची, काही दिवस रात्रीची. रात्रीची आली की आबा जेवून मोटरसायकलवर शेतात जातात आणि पहाटेपर्यंत बारे फोडत (एका वाफ्यातून दुसऱ्यात पाणी सोडत) उभे. पायात गमबूट, अंगात स्वेटर, पण डोक्याची बोंब. कानटोपी घालत नाहीत, म्हणतात मोटर बंद पडली तर ऐकू येत नाही. मफलर डोक्याला गुंडाळतात तो वाकलं की सुटतो आणि चिखलात जातो.

म्हणून टोपी आणि मफलर एकत्रच असलेला प्रकार करायचा विचार आहे. मागे टोपी, तिचीच दोन टोकं गळ्याभोवती. नेटवर बायकांसाठीचे पुष्कळ दिसतात, फुलं-गोंडे लावलेले. पुरुषाला शोभेल असा साधा हवा.

मला सुलट-उलट विणता येतं, बाळांचे स्वेटर केलेत, पण टोपी घडवायला काय करायचं ते माहीत नाही. कोणती लोकर, किती, कुठल्या सुया, लांबी-रुंदी किती? संक्रांतीच्या आत हवाय, नंतर विणून उपयोग नाही.

लोकरवेडी (नाशिक)

आधी सुयांचं. नेटवरचे नमुने बहुतेक अमेरिकन असतात आणि त्यात सुयांचे नंबर अमेरिकन असतात. आपल्याकडच्या सुयांवर जुने इंग्लिश नंबर, आणि ते उलटे चालतात: नंबर मोठा तितकी सुई बारीक. आपली ८ नंबर म्हणजे ४ मिमी, त्यांची ८ नंबर म्हणजे ५ मिमी. आणि गंमत बघा, आपली ६ नंबर ५ मिमी आणि त्यांची ६ नंबर ४ मिमी. अगदी अदलाबदल. दुकानात नंबर सांगू नका, मिलीमीटर सांगा. पोनी कंपनीच्या सुयांवर बहुतेक वेळा दोन्ही छापलेलं असतं.

मफलरसाठी ५ मिमी घ्या. बाळाच्या स्वेटरच्या बारीक सुयांवर हे काम काढलंत तर होळी येईल.

गोंडेवाली काकू (जळगाव)

अगं, टोपी घडवायची काही गरजच नाही. एक लांब सरळ पट्टी विणायची, बस. वाढवणं नाही, घटवणं नाही.

पट्टी झाली की मधोमध दुमडायची, दोन्ही टोकं एकमेकांवर येतील अशी. दुमड वर धरायची. आता एका बाजूच्या कडा दुमडीपासून खाली सुमारे २८ ते ३० सेंमीपर्यंत जोडून शिवायच्या. झाली टोपी! शिवण डोक्याच्या मागे येते, दुमड टाळूवर, न शिवलेली बाजू चेहऱ्याकडे, आणि खाली राहिलेली दोन टोकं म्हणजे मफलर.

एवढंच केलं तर मागे वर टोक निघतं. लहान मुलांना ते गोड दिसतं, गोंडा लावून मोकळं व्हायचं. आबांना नाही चालणार. म्हणून उलटी बाजू वर करून त्या कोपऱ्यावर तिरकी गोलसर शिवण मारायची, दोन-तीन बोटं आत. कोपरा आत जातो आणि टोपी डोक्याला बसते. कापू मात्र नकोस, विणकाम उसवेल.

वीण: सगळ्या ओळी सुलट. एक ओळ सुलट एक ओळ उलट अशी सपाट वीण घेतलीस तर कडा आत वळतात आणि मफलरची सुरळी होते. इस्त्रीनेही ती जात नाही. सगळं सुलट विणलं की पट्टी सपाट राहते, दोन्ही बाजूंनी सारखी दिसते, आणि जाड, उबदार होते. प्रत्येक ओळीचा पहिला टाका न विणता नुसता उचलून घ्यायचा, म्हणजे कड साखळीसारखी येते आणि शिवताना टाक्याला टाका मिळतो.

वेण्यांचा नमुना घालायची हौस आली तर एकसंध पट्टी विणू नकोस. मध्ये दुमडल्यावर एका बाजूच्या वेण्या उलट्या दिशेने जातात. तेव्हा दोन अर्ध्या पट्ट्या खालून वर विणून टाळूवर जोडाव्या लागतात. पण मी म्हणते, शेतात रात्री वेण्या बघणार कोण?

रुंदी २५ सेंमी, लांबी १७०. जाडसर लोकर आणि ५ मिमीवर साधारण १० सेंमीत १८ टाके येतात. तरी आधी लहान तुकडा विणून मोज, हात प्रत्येकीचा वेगळा. १८ आले तर ४५ टाके घाल.

केळीचं पान (रावेर)

काकू, पद्धत झकास. पण लांबी मला पटत नाही. मी स्वतः रात्री बागेत असतो म्हणून सांगतो.

एक, मोटरसायकल. लोंबणारं टोक मागच्या चाकात किंवा साखळीत गेलं की गळाच आवळतो. मोटरच्या पट्ट्याजवळ वाकलं तरी तेच. १७० नको. टोपी सोडून दोन्ही टोकं छातीवर एकमेकांवर येऊन स्वेटरच्या आत खोचता येतील एवढीच ठेवा, आणि गळ्याशी दोन मोठी बटणं लावा. गाठ मारायचा प्रश्नच नाही.

दोन, हेल्मेट. टोपीवर हेल्मेट बसत नाही. जाताना टोपी मागे टाकायची, हेल्मेट घालायचं, शेतात पोचल्यावर टोपी वर. याबाबतीत मात्र हा प्रकार कानटोपीपेक्षा बरा, कुठे काढून ठेवायला नको.

तीन, रुंदी. टोपी चेहऱ्याच्या पुढे आली तर बाजूचं दिसत नाही. आमच्याकडे सातपुड्याच्या पायथ्याला बिबट्याची धास्ती आहे, माणूस सारखा डावी-उजवी बघत असतो. कपाळावर संपली पाहिजे.

आणि चौथं, सगळ्यात महत्त्वाचं: शेकोटी. आम्ही तर थंडी फार पडली की पहाटे केळीच्या बागेत ओलसर कचरा पेटवून धूर करतो, नाहीतर निसवण (घड बाहेर पडणं) लांबते. तुमचे आबाही शेकत असतीलच. दुकानातली चकचकीत लोकर ठिणगीने वितळते.

लोकरवेडी (नाशिक)

चौथा मुद्दा अगदी बरोबर. आपल्याकडे लोकर म्हणून जे सर्रास मिळतं ते बहुतेक ॲक्रिलिक असतं. वर्धमान, ओसवाल, गंगा, सगळ्यांच्या साध्या गुंड्या बघा, लेबलवर लिहिलेलं असतं. वाईट नाही, धुवायला सोपं, आटत नाही, स्वस्त. पण आगीजवळ ते पेटतं, वितळतं आणि कातडीला चिकटतं. खरी मेंढीची लोकर सहज पेट घेत नाही, आणि ज्योत बाजूला केली की बहुतेक विझते.

दवाचाही विचार करा. खरी लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळपास ३० टक्के ओल शोषून घेते तरी अंगाला ओली लागत नाही. पहाटे हरभऱ्यात उभं राहणाऱ्याला हे फार उपयोगाचं.

लेबल नसेल तर एक धागा चिमट्यात धरून जाळून बघा. खरी लोकर जळलेल्या केसांसारखा वास देते आणि राख बोटाने चुरडते. ॲक्रिलिकचा काळा टणक मणी होतो.

पांझराकाठची (धुळे)

शेकोटी तर रोजची! बांधावर चार शेजारी जमले की कपाशीची पळकाठी पेटतेच. ॲक्रिलिक बाद.

पण खरी लोकर टोचते ना? आबांच्या मानेला जरा काही टोचलं की मफलर खुंटीवर.

गिरणेचं पाणी (चाळीसगाव)

ताई, एवढा खटाटोप कशाला? घोंगडं द्या. थेलारी मंडळी आमच्या भागातून मेंढरं घेऊन जातात, त्या लोकरीचं घोंगडं थंडी, दव सगळं झेलतं. खोळ करून डोक्यावरून घेतलं की टोपीही तीच. आमचे आजोबा आयुष्यभर तेच वापरत.

नाहीतर बाजारात हिवाळ्याचे स्वेटरवाले बसतात, त्यांच्याकडे तयार मिळेल.

केळीचं पान (रावेर)

भाऊ, घोंगडं राखणीला बरं. मचाणावर बसलं की अंगावर घ्यायचं. फावडं हातात घेऊन बारे फोडायचे तर घोंगडं सावरणार कोण?

गिरणेचं पाणी (चाळीसगाव)

हे मात्र खरं. माघार.

गोंडेवाली काकू (जळगाव)

गिरणेचं पाणी, तयार घेण्याचंच असतं तर तिने विचारलं कशाला? वडिलांसाठी विणायचंय तिला.

टोचण्याचं उत्तर आहे. दख्खनी मेंढीची लोकर जाडीभरडी, ती मानेला नकोच. मेरिनो लोकर मऊ असते, ती बघ. महाग पडेल, पण एक मफलर आहे, अख्खा स्वेटर नाही. मेरिनो फार महाग वाटली तर साधी शुद्ध लोकर घे आणि आतून अस्तर लाव. जुनं धुवून धुवून मऊ झालेलं धोतर असेलच घरात. अस्तराचा आणखी एक फायदा, वारा अडतो. नुसत्या विणकामातून वारा आरपार जातो, मोटरसायकलवर तर विचारू नकोस.

मात्र अस्तर टाळूला आणि मागच्या बाजूलाच लाव, मानेपर्यंत आण. कानांवर एकेरी विणकामच राहू दे, म्हणजे मोटरचा आवाज येईल. त्यांची कानटोपीवरची तक्रार तीच आहे ना?

केळीचं पान म्हणतात ते ऐकून माप बदलते. रुंदी २२ सेंमी, म्हणजे ४० टाके. लांबी १५०. त्यातले ६० टोपीत जातात, दोन्हीकडे ४५-४५ उरतात, छातीवर एकमेकांवर येऊन खोचायला पुरे. शिवण्याआधी एकदा पट्टी आबांच्या डोक्यावर टाकून टाचण्या लावून बघ. पुरुषांची डोकी लहान-मोठी असतात, आणि काही जण आत रुमाल बांधतात, तेवढी जागा हवी.

लोकर अडीचशे ग्रॅम धर, वर एक गुंडी जास्त. आणि सगळ्या गुंड्या एकाच लॉट नंबरच्या घे, लेबलवर असतो. नंतर आणलेला तोच रंग शेजारी ठेवला की वेगळा दिसतो.

तापीथडी (शहादा)

रंग गडद घेऊ नका. रात्री बांधावर माणूस दिसला पाहिजे. करडा किंवा बदामी चालेल, मळही कळत नाही.

विणकाम जरा घट्ट ठेवा. सैल असलं की गोखरू आणि कुसळं अडकतात, काढताना धागा ओढला जातो.

अवांतर: दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेत घोडे बघायला येणार असाल तर हाच मफलर घालून आणा आबांना. तापीकाठचा पहाटेचा वारा कमी नाही.

पांझराकाठची (धुळे)

मार्गशीर्ष पौर्णिमेपर्यंत होतोय का बघते, आश्वासन नाही.

मेरिनो धुळ्यात मिळेल का? आग्रा रोडला विचारलं, सगळीकडे ॲक्रिलिक.

लोकरवेडी (नाशिक)

लहान गावात दुकानदार ठेवत नाहीत, खपत नाही. ऑनलाईन मागवा. मागवताना '१०० टक्के लोकर' असं लेबलच्या फोटोत वाचून घ्या, नुसत्या नावावर जाऊ नका. नावात मेरिनो आणि आत निम्मं ॲक्रिलिक असंही असतं. आणि सुईचं माप लिहिलेलं असतं तिथे ५ मिमी किंवा त्याच्या आसपास असलेली जाडी निवडा, म्हणजे काकूंचे ४० टाके जुळतील.

काकू, क्रोशाने नाही का चालणार? लवकर होईल.

गोंडेवाली काकू (जळगाव)

होईल, पण क्रोशा लोकर जास्त खातो आणि कापड ताठ होतं. गळ्याशी घडी पडायला मऊ हवं. मेरिनोच्या भावात जास्तीची लोकर परवडणार नाही. सुयाच बऱ्या.

पांझराकाठची (धुळे)

ठरलं. करडी मेरिनो मागवते, ५ मिमी सुया, ४० टाके, सगळं सुलट. बटणं आबांच्या जुन्या कोटाची आहेत, मोठी, हातमोजे घालूनही लागतील.

काज कसं करू? विणतानाच भोक ठेवायचं का?

गोंडेवाली काकू (जळगाव)

विणताना नको, जागा आधी कळत नाही. मफलर पूर्ण झाल्यावर आबांच्या अंगावर घालून बटणांची जागा ठरव आणि समोरच्या कडेला त्याच लोकरीचे फासे कर. तीन-चार धागे ओढून त्यावर काजाचे टाके घालायचे. बटणाच्या मागे कापडाचा छोटा तुकडा ठेवून शिव, नाहीतर ओढून ओढून विणकामाला भोक पडेल.

धुण्याचं राहिलं. मशीन नाही, गरम पाणी नाही, दोन्हीने लोकर आटून नमद्यासारखी होते. रिठ्याच्या कोमट पाण्यात बुडवून हलकं दाबायचं, पिळायचं नाही, टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी काढायचं आणि सावलीत खाटेवर आडवं पसरायचं. दोरीवर टाकलंस तर १५० चं १७० होईल आणि रावेरवाले पुन्हा ओरडतील. शिवाय अस्तराचं धोतर आधी एकदा गरम पाण्यातून काढून घे, म्हणजे नंतर आटून टोपी आत ओढणार नाही.

केळीचं पान (रावेर)

ओरडणारच. काकू, असाच एक मलाही हवाय, लोकर मी आणून देतो. बदल्यात वांगी आणि कळण्याचं पीठ पोचतं करीन.

गोंडेवाली काकू (जळगाव)

वांगी भरताची, हिरवी आण. आणि डोक्याचं माप पाठव, हनुवटीखालून टाळूवरून पुन्हा हनुवटीपर्यंत.